धोंड्याच्या वाणाचा तांब्या

सेवेत जप्त केलेल्या तलवारी आणि गावठी पिस्तुलं आता डोळ्यांसमोर येत नाहीत. तो पितळी तांब्या मात्र आजही आठवतो.

सोलापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एके सकाळी वळसंगहून चाळिशीचा एक गृहस्थ टाइप केलेला तक्रारी अर्ज घेऊन आला. अर्जात त्याने स्वतःला चार ठिकाणी ‘कायद्याचा आदर करणारा नागरिक’ म्हटलं होतं. दुसऱ्या वेळेलाच मी सावध झालो.

त्याचे काका एका शाळेतले निवृत्त शिपाई. महिन्यापूर्वी वारले. मूलबाळ नसल्याने अग्नी पुतण्यानेच दिला. आता काकांच्या घरातली बाई पत्नी म्हणून कुटुंब निवृत्तिवेतन आणि अंत्यविधीची मदत मागत होती. पण ती पत्नी नव्हेच, असं त्याचं म्हणणं. खरी काकू सुशीला, आपण शाळेत असतानाच वारली. ही नंतर कुठून तरी आलेली. तेव्हा घर आणि अंत्यविधीची मदत वारस म्हणून आपल्यालाच मिळावी. (नावं मी बदलली आहेत. नावांचाच घोळ असलेल्या प्रकरणात आणखी भर घातल्याबद्दल क्षमा असावी.)

अर्जात दम होता. काकांच्या सेवापुस्तकात आणि रेशनकार्डावर पत्नीचं नाव सुशीला होतं. बाईंच्या आधार कार्डावर गोदावरी, आडनावही वेगळं. पेन्शनच्या फाइलमध्ये नवरा-बायकोचा जोडफोटो असायला हवा होता; त्या जागी वाळलेला डिंक होता. कार्यालयाने प्रकरण थांबवलं होतं. तक्रार खरी निघाली असती, तर पेन्शन तर राहोच, उलट बाईंवर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला असता.

बाईंना जबाबासाठी बोलावलं. सत्तरीच्या असाव्यात. खुर्चीच्या कडेवर बसल्या.

“नाव?”

“कुठलं सांगू? माहेरचं गोदावरी. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यांनी अंगठीनं सुशीला लिवलं.”

“मग आधारवर गोदावरी कसं?”

“आई आजारी हुती म्हणून बार्शीला माहेरी ऱ्हायले हुते. तितंच कार्ड काढलं. भाऊ म्हणला तसं लिवलं त्यांनी.”

“सुशीला म्हणून ओळखणारं कोणी आहे?”

“कोण वळखणार? गल्लीत मी शिपाईकाकू. घरात ‘अगं’. चाळीस वर्सं ‘अगं’ म्हणूनच हाक मारली की त्यांनी.”

लग्नाची नोंद नाही. आई-वडील, भाऊ गेलेले. शेजारी अलीकडचे. हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “पेन्शनचं ऱ्हाऊ द्या साहेब. चाळीस वर्सं मी कुणाच्या डब्याला भाकऱ्या बडवल्या, तेवढं तरी लिवून द्या.”

जबाब लिहून घेणाऱ्या आमच्या महिला हवालदारांनी पेन खाली ठेवलं. “मावशी, माहेरची भांडी कुठंयत?”

मला वाटलं, गप्पा सुरू झाल्या.

“हायती की घरात. धोंड्याच्या वाणाचा तांब्या तेवढा ह्या पुतण्यानं नेलाय. लेकीच्या बारशाला म्हणून नेला, अजून दिला न्हाय.”

हवालदार माझ्याकडे वळल्या. “साहेब, भांड्यावर नाव असतं.”

अधिक महिन्यात सासू-सासरे जावयाला वाण देतात, ते मीही घेतलेलं होतं. पण उसनं गेलेलं भांडं परत यावं म्हणून आपल्या बायका त्यावर नाव घालून घेतात, ही साक्ष मला सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही वळसंगला पुतण्याच्या घरी गेलो. हवालदार पाणी मागायला म्हणून त्याच्या बायकोमागे स्वयंपाकघरात गेल्या आणि तो तांब्या घेऊनच बाहेर आल्या. काठाखाली जावयाचं पूर्ण नाव, म्हणजे काकांचं. त्याखाली ठोकलेलं: ‘धोंड्याचं वाण, गोदाच्या आई-वडिलांकडून, बार्शी.’

“तांब्या छान आहे,” मी म्हणालो. “कुठला?”

“काकूनं दिलाय साहेब, पोरीच्या बारशाला.”

“पोरगी केवढी?”

“सातवीला हाय.”

“आणि काकू वारली तेव्हा तू शाळेत होतास?”

तो पंख्याकडे बघू लागला. पंख्याकडे बघणाऱ्याचा जबाब लवकर पूर्ण होतो, असा माझा अनुभव आहे. या वेळी तेवढाही वेळ लागला नाही. दारातून त्याची बायको कडाडली, “तरी म्या म्हनलं हुतं, त्यो तांब्या देऊन टाका म्हणून!”

पंचनामा झाला. पुतण्याने नव्या जबाबात गोदावरी हीच आपली सुशीलाकाकू असल्याचं कबूल केलं. आमचा अहवाल कार्यालयात गेला, आणि काही महिन्यांनी बाईंची पेन्शन सुरू झाली. अंत्यविधीची मदतही त्यांनाच मिळाली. खोट्या माहितीबद्दल पुतण्यावर कारवाई करता आली असती. मी बाईंना विचारलं.

“अग्नी त्यानं दिलाय. तेवढ्यापायी सोडा त्याला. तांब्या तेवढा द्या माझा.”

माझ्या निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि काचेचं वजनदार स्मृतिचिन्ह मिळालं. भाषणांत माझे इतके गुण निघाले की हे कुणाबद्दल चाललंय, असा मला प्रश्न पडला. या प्रकरणाचा उल्लेख कुणी केला नाही, ते बरंच झालं. त्याचं श्रेय हवालदारबाईंचं. मी कागद तपासत बसलो होतो, त्यांनी स्वयंपाकघरातलं विचारलं. आजही मी त्यांचा ऋणी आहे, आणि तांब्यावर एकेक अक्षर ठोकणाऱ्या त्या कारागिराचाही.

माझे स्वतःचे पेन्शनचे कागद भरायला बसलो, तेव्हा बायकोला विचारलं, “तुझं माहेरचं नाव सगळं नीट सांग.”

“आज एकदम चौकशी? काय गुन्हा केला मी?”

तिने सांगितलं. मी दोन्ही नावं लिहिली. मग आमच्या जोडफोटोला डिंक लावला, आणि वर दोन टाचण्याही मारल्या.