दोन महिने कमी

माझ्या मावशीच्या यजमानांइतका काटेकोर माणूस पनवेलच्या पंचक्रोशीत झाला नाही, आणि त्या काटेकोरपणाने त्यांचं जेवढं वाटोळं केलं तेवढं एखाद्या व्यसनानेही केलं नसतं. आम्ही त्यांना काका म्हणायचो. बाजारपेठेतल्या औषधांच्या दुकानात ते कंपाउंडर होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून मिक्श्चर बनवायचं आणि बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची, हे त्यांचं काम. पट्टी केसभर तिरकी बसली तर ते ती भिजवून काढत आणि नवी कातरत. तोवर रोगी बाकावर बसल्या बसल्या आपोआप बरा होतो, असं दुकानाचे शेटजी म्हणत. घरीही तेच. आमटीत मीठ अंदाजाने घातलंय असं मावशी म्हणाली की काकांचा घास हातातच राहायचा. "अंदाजाने माणसं मरतात," ते शांतपणे सांगत, आणि मावशी तितक्याच शांतपणे म्हणे, "आमटीने नाही मरत."

स्वातंत्र्यानंतर कायदा आला की औषध बनवणाऱ्याचं नाव सरकारी नोंदणीत हवं. पदवी किंवा पदविका नसली, तरी पाच वर्षं हे काम केल्याचा दाखला दिला तर सुरुवातीला नाव लागणार होतं. काकांची जवळजवळ वीस वर्षं या कामात गेली होती. पण त्यातली पंधरा मोरा बंदरावरच्या एका डॉक्टरांकडे, आणि ते डॉक्टर वारले होते. शेटजींकडे त्यांना चार वर्षं दहा महिने झाले होते. शेटजींनी बेधडक पाच वर्षं लिहून सही केली. काकांनी दाखला त्यांच्यापुढे परत ठेवला.

"दोन महिने कमी आहेत."

"अहो, मोजतंय कोण?"

"मी मोजलेत."

ते दोन महिने थांबले. तेवढ्यात अर्जाची मुदत संपली.

मग दुकानात पदविका घेतलेला एक तरुण आला आणि काका हिशोबाच्या टेबलाशी जाऊन बसले. तो तरुण बिचारा भला होता. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही की चिठ्ठी घेऊन काकांकडे यायचा. काका वाचून दाखवत, पण बाटलीला हात लावत नसत. शिरढोणहून येणारी एक म्हातारी एकदा हटूनच बसली. "तुमच्या हातची दवा आमाला लागू हाय. त्याची नाय." काका म्हणाले, "आजी, मला आता अधिकार नाही." म्हातारीने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "काय चुकी केलीव?" त्या दिवशी काका जेवले नाहीत.

पदविकेला जायचं तर आधी मॅट्रिक हवी. पन्नाशीला टेकलेले काका माझ्याच वर्षी बाहेरून परीक्षेला बसले. गणिताच्या पेपरानंतर मी विचारलं, "किती सोडवली?" म्हणाले, "चार. चारही बरोबर आहेत. तीन-तीनदा पडताळली." मी पास झाले. ते नापास झाले. पुढच्या वर्षीही झाले. तिसऱ्या वर्षी त्यांनी फॉर्म आणला नाही, आणि घरात कुणी विषयही काढला नाही.

पदविकेला मुंबईला मी गेले. जाण्यापूर्वी एक महिनाभर काकांनी मला खल धरायला आणि चूर्णाच्या पुड्या बांधायला शिकवलं. कॉलेजात पहिल्याच प्रात्यक्षिकाला सरांनी माझी पुडी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "पनवेलला, काकांकडे." दिवाळीत घरी आल्यावर मी हे काकांना सांगितलं.

"सर नक्की काय म्हणाले?"

"म्हणाले, असा हात आमच्याकडेही कुणाचा नाही."

"हेच शब्द?"

"हेच," मी म्हटलं. ते वाक्य मी पदरचं घातलं होतं. काकांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. त्यांना कळलं असावं. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिसऱ्यांदा पडताळून पाहिलं नाही.