आपाच्या जाहिरातीतील खालची ओळ

“आपानं मोबाइलवर म्हातारे गाठले, भोळ्या माणसांच्या कानात मशिनी कोंबल्या अन् पुण्याला पसार झाली.” तीर्थपुरीच्या बाजारात, चहाच्या टपरीवर बसून बाजीराव हे रोज सांगतात. ऐकणारे माना डोलावतात. मी डोलावत नाही. पुण्याची नोकरी सोडून आपा येत्या महिन्यात जालन्यात स्वतःचे जाहिरातीचे कार्यालय उघडत आहे. तिचा व्यवसाय वृद्धांच्या विश्वासावर उभा आहे आणि बाजीराव नेमका त्यावरच घाव घालत आहेत. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

तिचे नाव शबाना. ती माझ्या निम्म्या वयाची. तरी साऱ्या गावासारखे मीही तिला आपा, म्हणजे थोरली बहीणच म्हणतो. पुण्याला जाण्याआधी जालन्यातील एका श्रवणयंत्रांच्या दुकानासाठी ती मोबाइलवरच्या जाहिराती करीत असे, आणि त्या साठीपुढील माणसांनाच दिसत. मी स्वतः बियाण्यांच्या धंद्यात हयात घालवली आहे. जाहिरातीत कणीस हातभर लांब रंगवायचे आणि ‘पाण्याची सोय असल्यास’ हे शब्द मुंगीएवढे लिहायचे, ही आमची रीत. आपाची रीत नेमकी उलट. प्रत्येक जाहिरात घेऊन ती भर उन्हात माझ्या ओट्यावर येई. “काका, चष्मा काढा. आता खालची ओळ वाचा. बराबर दिसून राह्यली का?” ती ओळ कधी बदलली नाही : ‘यंत्र घेण्याआधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्या.’ मी अडखळलो की ती तिथेच बसून अक्षर वाढवी, आणि त्यासाठी वरचा फोटो लहान करी. तो फोटो माझा होता, माझ्या संमतीने वापरलेला. मी भोळा नाही, हे तालुका जाणतो.

दुकानदाराला मजकूर झणझणीत हवा असे. ‘सुना तुमच्यामागे काय बोलतात?’ ही त्याची ओळ आपाने माझ्यादेखत फोनवरच फेटाळली. “भेव दाखवून विकलेली मशीन कपाटात पडती, शेठ. मला ती कानात पाहायचीय.”

बहिऱ्या माणसाशी ती कधीही आवाज चढवून बोलली नाही. म्हणे, “वरडून बोललं की त्याला आपला राग तेवढा दिसतो, काका.” त्यासाठी ती पिशवीत वही बाळगी. एकदा जाहिरात पाहून एक गृहस्थ थेट माझ्या ओट्यावर आले. दोन्ही कान बंद. “मशीन आजच पाहिजे!” आपाने वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘कधीपासून?’

“परवापासून. डोक्यावरून आंघोळ केल्ती.”

तिने लिहिले, ‘मंग मशीन मिळणार न्हाई, चाचा. मळ असंल. जल्दी डॉक्टरकडं जा.’

गृहस्थ भडकले. “जाहिरात करती अन् माल देत न्हाई? बिलकुल येडी हायेस काय?”

आपा हसली आणि त्यांच्याच मोबाइलवरील खालच्या ओळीवर तिने बोट ठेवले. गृहस्थ पाय आपटीत गेले. डॉक्टरांनी मळ काढला. आठवडाभराने ते समोरच्या आपल्या घराच्या दारात उभे राहून माझ्या घरातला रेडिओ ऐकत होते.

ते गृहस्थ म्हणजे बाजीराव. टपरीवर जाऊन पाहावे : पलीकडच्या बाकावरची कुजबुजदेखील ते टिपतात, आणि त्यांच्या कानात यंत्र नाही.