गयामावशी पात सोडून उठायची

फोन आला तेव्हा मी पूर्णेच्या कॉलेजात पेपर तपासत होते. फोन रुक्मिणचा, गयामावशीच्या सुनेचा. "बाई, आत्याबाई शेतातच पडल्या... दवाखान्यात नेलं, पण न्हाई उरल्या." मे महिना, दुपारचे दोन, भुईमूग उपटायचं काम. आता दोन महिने होत आले. लोक सांगतात, बाई, राग सोडा, दुःख निवलं की मग शांतपणे लिहा. मला शांतपणे लिहायचंच नाही. राग निवायच्या आत लिहून टाकावं म्हणून बसले आहे.

गयामावशी म्हणजे चुडाव्याजवळच्या आमच्या गावातल्या मजूर बायकांची पुढारी. खुरपायला दहा-बारा जणी ओळीनं बसतात, प्रत्येकीच्या वाट्याला पिकाचा एक पट्टा येतो, त्याला पात म्हणतात. मावशीची पात कायम सगळ्यांच्या पुढं. जी मागं राहील तिची ती सालटी काढायची. "काय गं, अंडी उबवायलीस का?" त्या धाकानं पाणी प्यायलासुद्धा मधेच कुणी उठत नसे. मी मानसशास्त्र शिकवते. उन्हाळे बिघडत चालले, बायका चक्कर येऊन पडू लागल्या, तेव्हा मोठ्या शहाणपणानं मी पोस्टर घेऊन गेले. अकरानंतर सावलीत बसा, पाणी प्या, वगैरे. मावशीनं ते उलटंपालटं करून बघितलं. "ऊन आमाला नवं हाय का माय? तुलाच पंख्याखाली लय लागायलंय." बायका खदखदून हसल्या आणि माझं पोस्टर भाकरीखाली अंथरायला कामी आलं.

मग मी सांगायचं बंद केलं आणि विचारायला लागले. एकेकीच्या घरी, चुलीपाशी बसून. प्रत्येकीचं उत्तर तेच. मला लय उठावं वाटतं, पण बाकीच्यांना काई होत न्हाई, मग मीच कशी उठू? बाराही जणींना उठायचं होतं आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपणच तेवढ्या नाजूक. शेवटी मावशीकडं गेले. तिनं चुलीत लाकूड पुढं सारलं. "मलाबी डोळ्यापुढं अंधारी येती. पण मी उठले तर म्हणतील, गयी थकली." उन्हाच्या आधी लाज मारते, हे मला त्या चुलीपाशी कळलं. मी म्हणाले, "मावशी, तुम्हाला थकली म्हणायची कुणाची छाती आहे? म्हणून आधी तुम्हीच उठायचं." तिला ते पटलं. खरं सांगायचं तर तिच्या ताठ्याला पटलं. दुसऱ्या दिवशी अकराला ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "उठा गं. जी बसून ऱ्हाईल तिला मालकाच्या घरी नांदायला धाडते." तेव्हापासून पहाटे उजाडताच काम, अकराला बंद, चारला पुन्हा. दोन उन्हाळे आमच्या गावात एकही बाई शेतात पडली नाही.

आता मालक. त्याचं नाव मी लिहीत नाही. छापून आलं तर कात्रण जपून ठेवील, तेवढाही मान त्याला मिळू नये. गावाला तो कोण ते ठाऊक आहे. त्या दिवशी अवकाळीचा अंदाज होता आणि त्याचा भुईमूग अजून जमिनीत होता. बांधावर येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "गयाबाई, तू उठलीस की समद्या उठत्यात. का आता वय झालं म्हणावं? तसं असंल तर सांग, पुढं बसायला दुसरी बघतो." मावशी बसून राहिली. बारा वाजता एकदा उठायला गेली, म्हणे, आणि परत खाली बसली. ज्या ताठ्याला मी हात घातला होता त्यालाच त्यानंही हात घातला... माझं शास्त्र त्याला न शिकता येत होतं. रात्र रात्र माझं डोकं तिथंच अडकतं. आणि अवकाळी पाऊस काही आला नाही.

तेराव्याला हाच माणूस उभा राहून बोलला. "गयाबाईनं जन्मात कधी पात सोडली न्हाई. आजकालच्या बायांनी शिकावं." एवढ्यावर भागलं नाही. एसटीच्या थांब्यावर फ्लेक्स लावला. एका कडेला मावशी, बाकी सगळा हात जोडलेला तो, आणि वर अक्षरं, 'पात न सोडणारी माउली'. साफ खोटं. तिनं पात सोडली, दोन उन्हाळे रोज सोडली, आणि तशी सोडायला काळीज लागतं. पण फ्लेक्स लागला आणि बायका उठेनाशा झाल्या. एखादीनं पाठ सरळ केली की दुसरी म्हणायची, गयामावशी कधी उठली का? मेलेल्या बाईला त्यानं जित्या बायकांवर मुकादम नेमलं होतं. मी रुक्मिणला म्हणाले, त्या फ्लेक्सला काडी लावते. ती म्हणाली, "जाळू नका बाई. चांगलं जाड हाय ते."

यंदा पावसानं ओढ दिली, जुलै लागला तरी ऊन मे महिन्याचं. गेल्या मंगळवारी रुक्मिणनं मला मालकाच्याच हळदीच्या रानात बोलावलं. खुरपण चालू होतं. अकरा वाजले, कुणी उठेना. मग रुक्मिण उठली, बांधावर गेली, पिशवीतून एक घडी काढली आणि चार काठ्यांना बांधली. थांब्यावरून उतरवलेला तोच फ्लेक्स होता. छापील बाजू वर, मालकाचं तोंड नीट सूर्याकडं. मी घाबरून विचारलं, "अगं, मावशीचा फोटो?" "त्यांचा कडंनं कापून घेतला. घरात लावलाय." हळूहळू एकेक करत साऱ्या जणी त्याच्या खाली येऊन बसल्या.

मालक गाडीवरून आला. "फ्लेक्स माझा हाय," म्हणाला.

"तुमचाच हाय की, मालक," रुक्मिण बसल्या जागेवरून म्हणाली. "आत्याबाई बी अकराला उठायच्या. या, बसा सावलीला."

तो काही बसला नाही. उन्हात उभा राहिला, घाम पुसत, आमच्याकडं बघत. माझ्या हातात पाण्यानं भरलेली बाटली होती. आमच्याकडं दारात वैरी आला तरी त्याला आधी पाणी विचारतात. मी विचारलं नाही.