मले दुसऱ्यांदा कांजण्या निघाल्या तवा

आता माही फजिती आयका. चहा थंडा झाला तरी चालन, पण पुरी आयका!

तवा वऱ्हाडात इंग्रजाचा अंमल होता, अन् माह्या लग्नाले जेमतेम दीड वर्ष झालं होतं. सरू, म्हंजे आमची घरवाली, अकोल्याले माहेरी गेली अन् तिथं तिले कांजण्या निघाल्या. सासऱ्यानं निरोप धाडला, "येऊ नोका." येऊ नोका म्हणे! इकडं नांदगावले मले भाकर गोड लागे ना. तिसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी धरली.

दाराले कडुलिंबाचा डहाळा बांधलेला, अन् दारात सासूबाई आडव्या.

"जवाईबुवा, अंदर माता हाये. तुमाले येऊन गेल्या काय कांजण्या?"

खरं सांगू? मले कधीच आल्या नव्हत्या. पण अंदरून सरूचा बारीक आवाज आला, "कोन हाये वं माय?" अन् माही जीभ घसरली.

"गेल्या ना मामीजी! लहानपणीच. बोट ठेवाले जागा नव्हती अंगावर!"

"मंग काई भेव नाई. एकदा येऊन गेली का परत येत नाई."

झालं, मी अंदर! पंधरा दिवस तिच्या उशाशी बसलो. कडुलिंबाच्या पाल्यानं वारा घातला. खाजवाले गेली का तिचे हात धरून ठेवले. एरवी सासुरवाडीत बायकोचा हात धरता येते काय, तुमीच सांगा!

सोळाव्या दिवशी सरूले न्हाऊ घातलं, अन् त्याच दिवशी माह्या पोटावर पयला फोड!

"बाप्पा! दुसऱ्यांदा?" सासूबाईनं हातच जोडले.

वैद्य म्हणे, "माह्या जिंदगीत असं पाह्यलं नाई." मंग काय, गल्लीभर बोंब! ज्याच्यावर माता दोनदा आली तो जवाई पाहाले बाया नारळ घेऊन दारात. एक म्हातारी मले दारातूनच पुसे, "महाराज, माह्या सुनेले पोरगं होईन काय?"

"होईन," म्हणलो. दुसरं काय म्हणू? मले खाजेनं काई सुचून नव्हतं राह्यलं!

शेवटी ही बातमी नांदगावले पोचली अन् माही माय धावत आली.

"दुसऱ्यांदा? अवं, याले तं पयल्यांदाच कधी आल्या नाईत!"

सासूबाई तोंडाले पदर लावून बाहेर गेल्या. मी गोधडीत तोंड खुपसलं. सरू आपली हळूहळू वारा घालून राह्यली होती.

"मले पयल्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणे. "तुमच्या अंगावर एक वण नाई."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं मायनं तुमाले वापस धाडलं असतं ना."

अन् मी येडा! मले वाटे, सर्व्या घराले मीच बनवून राह्यलो.