मामांचे अर्धे राहिलेले दोन पिक्चर

इथले भुताखेतांचे अनुभव मी बऱ्याच वर्षांपासून वाचतो, पण खरं सांगायचं तर जेवताना, तोंडी लावायला. वडाखालची बाई, मागून हाक मारणारा माणूस... वाचायचं, हसायचं आणि ताट उचलायचं. मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट रिजेक्ट झाला की 'का' विचारायचं, उत्तर आलं की त्यालाही 'का' विचारायचं, मूळ कारण सापडेपर्यंत समोरच्याचं डोकं खायचं, ही माझी नोकरी. बायको म्हणते, घरीही तेच करतोस. तर अशा माणसाचा हा अनुभव आहे आणि यात भूत नाही. एक कावळा आहे आणि दोन पिक्चर आहेत. हसू आलं तर हसा, आम्हालाही मध्येच येत होतं.

माझे बापूमामा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. राहायला सिडकोत, मूळ गाव फुलंब्रीच्या पुढं. त्यांची मुलगी सायली पुण्याला असते. तिनं टीव्हीवर ओटीटी चालू करून दिलं, पासवर्ड मलाही दिला, आणि मामांना उतारवयात एक नाद लागला — कॉलेजच्या पोरापोरींच्या खुनांचे पिक्चर. म्हणजे ते नसतात का, मुखवटा घातलेलं कोणीतरी सुरा घेऊन फिरतंय हे माहीत असूनही पोरं एकेकटी तळघरात जातात! हिंदीत डब केलेले. मामा सोफ्यावरून त्या पोरांना दम द्यायचे, "लाईट लाव की आधी." आणि अर्ध्या पिक्चरातच खुनी कोण ते जाहीर करायचे. त्यांचा अंदाज चुकलेला मी तरी पाहिला नाही.

मामींना लागायचे प्रेमाचे. हलकेफुलके, दोघं आधी भांडतात, मग कुणाच्या तरी लग्नात दोघांनाही बोलावणं असतं, मग पुढचं तुम्हाला माहितीच आहे. मामांच्या मते हा बिनडोक कारभार. मामींचा पिक्चर लागला की ते तोंडासमोर पेपर धरून बसायचे. तशी मामींच्या प्रत्येक गोष्टीत त्यांना चूक दिसायची. चहात साखर, पत्ता सांगताना वळण, नातेवाइकांच्या लग्नाचं साल... मामींनी तोंड उघडलं की हे म्हणणार, "तसं नाय ते."

शेवटच्या संध्याकाळी मामांचा खुनाचा पिक्चर रंगात आला होता, थोडाच उरला होता. मामींनी रिमोट उचलला. रोज तुमचंच चालतं, आज माझं, म्हणाल्या. जोरदार वाजलं. मामी हटल्या नाहीत, त्यांनी आपला पिक्चर लावला, मामांनी पेपर उघडला, आणि अर्ध्यातच लाईट गेली. दोघं एकमेकांशी न बोलता झोपले. सकाळी मामा उठलेच नाहीत.

त्यानंतर मामींनी एकच गोष्ट धरून ठेवली — ते माझ्यावर रुसून गेले. आम्ही किती समजावलं, डॉक्टरांनी झटका आला म्हणून सांगितलं, पण नाही. जेवण नाही, झोप नाही. आणि अशात दहावा आला.

दहावा गावी, नदीकाठी. पिंड ठेवला, आम्ही लांब सरकलो. समोरच्या बाभळीवर कावळेच कावळे, पण एकही खाली येईना. माझ्या डोक्यात लगेच मूळ कारण तयार: सकाळपासून इथं आधी दोन दहावे झालेत, पोटं भरलीत. पण आमच्यानंतर आलेल्या लोकांचा पिंड कावळ्यानं त्यांची पाठ वळायच्या आत नेला. माझं कारण बाद.

मग सुरू झाली कबुलीजबाबांची रांग. मामांचे थोरले भाऊ नाना हात जोडून एकेक कबूल करायला लागले. सायलीचं लग्न आम्ही थाटात करू. बांधाचं भांडण मिटवू — इथं शेजारचा वावरवाला खोकला. शेवटी नानांनी तंबाखू सोडायचंही कबूल केलं. तेव्हा एक कावळा हलला खरा, पण नुसता वरच्या फांदीवर जाऊन बसला. ऊन चढलं. गुरुजींनी नाइलाजानं दर्भाचा कावळा करायला घेतला.

मामी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "दर्भाचा नका करू, गुरुजी. ते माझ्यावर रुसलेत. असंच पाठवलं तर मी जन्मभर काय करू?" आणि रिमोटचं सगळं भांडण त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं.

नानांनी क्षणभर विचार केला. "म्हंजी खुनी कोण ते बापूला कळलं नाय. जीव तिथंच अडकलाय त्याचा."

आता पंचाईत अशी की खुनी कोण हे आमच्यातही कोणाला ठाऊक नव्हतं. मी मोबाईल काढला. 'पाहणे सुरू ठेवा'मध्ये मामांचा पिक्चर होता, मामींचाही शेजारीच. पण नदीच्या खळग्यात नेटवर्क नाही, म्हणून सगळे घाट चढून मारुतीच्या पारावर गेलो. पांढऱ्या टोप्या घातलेली पंधरावीस माणसं एका मोबाईलवर वाकलेली, चित्र मध्येच थांबून गोल फिरायला लागलं की सगळे एकदम श्वास सोडणार. गुरुजी म्हणाले, आधी काय झालंय ते तर सांगा. मी पोस्टर बघून जमेल तसं सांगितलं. पडद्यावर एक मुलगी तळघराच्या पायऱ्या उतरायला लागली आणि नाना नकळत बोलून गेले, "लाईट लाव की आधी."

मग त्यांनी टोपी काढून डोळे टिपले आणि पुन्हा मोबाईलवर वाकले.

खुनी निघाली लायब्ररीची मॅडम. नाना लगबगीनं खाली गेले, पिंडासमोर वाकले. "बापू, खून लायब्ररीवाल्या मॅडमनं केलेत. आता मोकळा हो."

एक कावळा उतरला. पिंडापासून हातभर अंतरावर आला, मान वाकडी करून नानांकडे पाहिलं आणि परत बाभळीवर गेला.

"ह्याला आधीच माहिती असंन," नाना म्हणाले. ते मात्र मलाही पटलं.

मग मामी उठल्या. कोणाला न विचारता पिंडाजवळ गेल्या, पदर सावरून खाली बसल्या. घरात बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "अहो, लाईट गेली अन् आपला पिक्चर तसाच राह्यला. पेपराआडून बघतच होता ना तुम्ही? ऐका आता. ती परदेशी गेली नाय. तिचा सुटलेला सँडल घेऊन तो पळत स्टँडवर आला, ती एस्टीत बसणारच होती तेवढ्यात गाठलं तिला. लगीन झालं त्यांचं. लई छान झालं सगळं."

इंग्रजी पिक्चरात एस्टी कुठून आली, हे तेव्हा कोणालाच सुचलं नाही. कारण मामी उठून चार पावलं मागं येतात न येतात तोच कावळा आला. कोणाकडेही पाहिलं नाही, भाताचा घास उचलला आणि गेला. मामी रडत रडत हसायला लागल्या. त्या दुपारी त्या पोटभर जेवल्या.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. पण माझी खोड तुम्हाला सांगितलीच आहे. नंतर एका रविवारी मी तो प्रेमाचा पिक्चर शेवटपर्यंत पाहिला. ती मुलगी परदेशी जाते. तो विमानतळाच्या काचेबाहेर उभा राहतो. बऱ्याच दिवसांनी भेटतात तेव्हा तिच्या बोटात दुसऱ्याची अंगठी असते, दोघं हसतात आणि पाट्या सुरू. सँडल नाही, स्टँड नाही, लग्न तर नाहीच.

मी सिडकोत गेलो. मामी चहा गाळत होत्या. तुम्ही शेवट पाहिलाच नव्हता का, असं विचारलं.

"दोनदा पाह्यलाय. दुपारी, हे झोपले की."

"मग तिथं खोटं का सांगितलं?"

मामींनी कप पुढे केला. "जाणाऱ्या माणसाला तसला शेवट सांगतेत का?"

कावळ्याला भूक लागली असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणून पाहिलं. मग लायब्ररीच्या मॅडमच्या वेळी हातभर अंतरावरून तो उपाशी परत का गेला? पुढचा 'का' मला सुचत नाही आणि याचं उत्तर सापडत नाही. एवढंच माहीत आहे की मामींच्या शब्दाशब्दात चूक काढणारा माझा मामा, त्या दिवशी त्यांनी सगळा शेवट चुकीचा सांगितला तरी एकदाही "तसं नाय ते" म्हणाला नाही.