इंटरनेटची बारी

गेल्या मंगळवारी सकाळी आमच्या घरचं इंटरनेट फक्त एका माणसासाठी राखून ठेवलं होतं... आणि तो माणूस म्हणजे मी. आगाशीला लग्न करून आल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं, म्हणून लिहितेय.

आमच्याकडे पुढे घर आणि मागे वाडी. केळी, सोनचाफा, थोडी पानवेल आणि मधोमध विहीर. घरात नवरा, दीर निलेश, सासू-सासरे, शाळेत जाणारी लेक आणि मी. नवऱ्याचं ऑफिस घरूनच, त्याचे दोन कॉम्प्युटर. निलेश वालीवच्या एका वर्कशॉपसाठी ड्रॉइंग काढून पाठवतो, त्याचा एक. माझा लॅपटॉप सगळ्यात जुना... आणि या सगळ्यांत मिळून कनेक्शन एकच. आळीत केबलवालाही एकच आहे, त्यामुळे दुसरं घ्या म्हणायची सोय नाही.

लेक झाली तेव्हा मी अकाउंट्सची नोकरी सोडली होती. आता घरून करता येईल असं काम शोधत होते. गेल्या महिन्यात एक इंटरव्ह्यू आला, व्हिडिओवर. मी चांगलं उत्तर देत होते आणि मध्येच सगळं अडकलं... स्क्रीनवर माझाच चेहरा, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. पुन्हा जोडलं, पुन्हा तुटलं. शेवटी त्यांनी नंतर कळवतो म्हणून सांगितलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. राग आला होता, पण कोणावर काढायचा तेच कळेना. नेमक्या त्याच वेळी नवऱ्याच्या मशीनवर बॅकअप चालू होता आणि निलेश मोठं ड्रॉइंग पाठवत होता. दोघंही आपापलं कामच करत होते.

नवऱ्याने मग नवा राऊटर आणला. चांगला चार अँटेनांचा... फरक शून्य.

आणि अचानक त्या कंपनीचा मेल आला, मंगळवारी परत बोलू. रात्री जेवताना दोघं भाऊ सुरू झाले. बँडविड्थ, सेटिंग, प्रायॉरिटी... सासरे तळलेल्या बोंबलाचा काटा काढत ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, हे सगळं येतं एकाच वाटेने ना? मग चर्चा कसली करताय?

आमची विहीर सासरे आणि त्यांचे दोन भाऊ यांच्यात सामायिक आहे. पाण्याच्या बाऱ्या ठरलेल्या. सगळ्यांनी एकदम पाट फोडले तर शेवटच्या वाफ्यापर्यंत कोणाचंच पाणी पोचत नाही. भावांचं बोलणं बंद होतं त्या काळातही बारी कोणी मोडली नाही, असं सासूबाई सांगतात. आणि ज्याने नवं रोप लावलं असेल, त्याला पाणी आधी.

सासरे माझ्याकडे बोट दाखवून मुलांना म्हणाले, "नवं रोप हिचं हाय. मंगळवारी पाणी हिचं."

मला आतून हसू आलं... आणि बरंही वाटलं. नियमाचा उरलेला भाग त्यांनी मलाही सांगितला. आपलं झालं की नुसतं निघून जायचं नाही. पुढच्याला जाऊन सांगायचं, माझं भरलं. मगच तो पाट फोडणार.

मंगळवारी नवऱ्याने मीटिंग पुढे ढकलली आणि दोन्ही मशीन बंद केली. निलेशने तर प्लगच काढून ठेवला. सासूबाईंनी टीव्ही आणि फोन दोन्ही बाजूला सारले. घरात कोणाची तरी दहावीची परीक्षा असल्यासारखी शांतता.

मी जोडलं, नमस्कार केला... आणि नाव सांगून होईपर्यंत समोरच्या बाई थिजल्या. आता कोण? सगळं तर बंद आहे. हीही संधी गेली, असं वाटलं. मी पुन्हा जोडत राहिले, आवाज तुटत राहिला... आणि मग एकदम सगळं स्वच्छ झालं. शेवटपर्यंत एकदाही अडकलं नाही.

बाहेर काय घडलं ते मला नंतर सासूबाईंकडून कळलं. नवऱ्याने राऊटरचं ॲप उघडून पाहिलं, तर दोन जण अजून लाइनवर होते. विहिरीवरचे कॅमेरे. मागे कोणीतरी पंपाची तांब्याची केबल चोरून नेली, तेव्हापासून सासऱ्यांचा आमच्यापेक्षा त्या कॅमेऱ्यांवर जास्त विश्वास. बाजारात गेले तरी फोनवर विहीर बघत असतात. ते दोघं दिवसरात्र चित्र पाठवत होते... आणि सगळ्यांच्या बाऱ्या लावणाऱ्याने स्वतःचाच पाट बंद केला नव्हता.

हे ऐकल्यावर सासरे उठले. दोन्ही प्लग काढले, ओटीवरची खुर्ची उचलली आणि विहिरीपाशी जाऊन बसले.

इंटरव्ह्यू संपवून मी वाडीत गेले तेव्हा सासरे डोक्यावर टॉवेल टाकून, उन्हात, पंपाकडे बघत बसले होते. थँक यू म्हणावंसं वाटत होतं, पण आमच्या घरात तो शब्द चालत नाही.

मी म्हणाले, "बाबा, माझं भरलं."

त्यांनी फक्त मान हलवली आणि तिथूनच घराकडे हाक दिली, "निलेश, घे रे तुझं."

काल कंपनीचा होकार आला. सासऱ्यांनी लगेच रोजच्या बाऱ्या लावल्या, सकाळची माझी. मला मागावीही लागली नाही. कॅमेऱ्याचं चित्र थोडं कमी दर्जाचं ठेवू, असं नवऱ्याने सुचवून पाहिलं... पण मग चोराचं तोंड दिसणार नाही, म्हणून सासऱ्यांनी साफ नकार दिला. त्यामुळे सकाळी कॅमेरे बंद आणि विहिरीपाशी खुर्ची.

बाबा, थँक यू... तुम्ही नेटवरचं हे कधी वाचत नाही, म्हणूनच इथे म्हणतेय.