फुटलेला धुरा दाखवा

बार्शीटाकळीजवळ माझ्या मामांचं शेत आहे. वरच्या अंगाला नाला, खाली ओळीने शेजाऱ्यांची शेतं. बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. त्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि सगळ्यांचे धुरे फुटले, काळी माती वाहून गेली. सरकारने धुरे दुरुस्त करायला अनुदान जाहीर केलं. अकोल्याच्या दैनिकात ती बातमी मीच लिहिली होती. अट एका ओळीत होती: पंचनामा झाल्यावर मदत.

पंचनाम्याला कोणी येईना. कृषी सहाय्यक एकच, गावं पुष्कळ. धुरा उघडा ठेवला तर पुढचा पाऊस उरलेली मातीही नेणार. तेव्हा गावाने नेहमीसारखी सावड केली. सगळ्यांनी मिळून एकेकाचा धुरा बांधायचा, मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही. सुरुवात वरून करतात, कारण वरचा धुरा फुटका राहिला तर खालचं काम वाया जातं. मामांचं शेत सगळ्यात वर, म्हणून त्यांचा धुरा पहिला झाला. पाणी काढून देण्याच्या तोंडाशी दगड बसवायचे तेवढे राहिले. ते अनुदान आल्यावर बसवायचे होते.

दुसऱ्या दिवशी कृषी सहाय्यक आला. खालचे फुटके धुरे त्याने मोबाईलमध्ये टिपले. मामांच्या धुऱ्यावरून चालून आला आणि म्हणाला, नुकसान दिसत नाही. शेजाऱ्यांनी साक्ष दिली, ओली माती दाखवली. त्याने मजुरीच्या पावत्या मागितल्या. सावडीची पावती कुठून आणणार? माणूस वाईट नव्हता. मामांना बाजूला घेऊन म्हणाला, "काका, चार फावडे माती काढा. फोटो घेतो, मंग बुजवून टाका."

"फोटोसाठी धुरा फोडू?" मामा म्हणाले. "कालच त बांधला गा."

मी जिल्ह्याच्या कार्यालयात विचारलं. साहेबांनी नियम वाचून दाखवला: फोटोत नुकसान दिसलं पाहिजे. ज्याने वेळेत दुरुस्ती केली त्याचं काय, असं विचारल्यावर म्हणाले, मग त्याला मदतीची गरज उरली नाही. मी ते उत्तर जसंच्या तसं छापलं. खुलासा कोणी पाठवला नाही.

परतीच्या पावसात मामांचा धुरा दगड नसलेल्या तोंडापाशीच पुन्हा फुटला. त्या सकाळी मी तिथे होतो. शेजारी फावडी, घमेली घेऊन आले. मामांनी त्यांना थांबवलं आणि सहाय्यकाला फोन लावला. तो गुरुवारी येतो म्हणाला. तो सोमवार होता. मी फोटो काढून ठेवतो म्हटलं, तर फोटो त्याच्याच मोबाईलवरचा लागतो असं कळलं. मग सगळे फावड्यांवर रेलून भगदाडाकडे बघत उभे राहिले. या गावात असं दृश्य मी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी आभाळ पुन्हा भरून आलं. लगतच्या खालच्या शेताचा मालक, ज्याचं अनुदान मंजूर झालं होतं, शेवटी बोलला. "भाऊ, तुमी फोटोची वाट पाहून राहिले, अन् तुमची माती माह्या वावरात येऊन राहिली. वापस नेता काय?"

मामा हसले नाहीत. त्यांनी त्याच्याच हातातलं फावडं घेतलं. अंधार पडायच्या आत भगदाड बुजलं.

सहाय्यक ठरल्याप्रमाणे गुरुवारी आला. धुऱ्यावरून चालला, पायाने दाबून पाहिला. काम मजबूत झालं आहे, असं सांगून फोटो न काढता परत गेला. त्या तोंडाशी दगड अजून बसलेले नाहीत.